मांडवीत लहान मोटरबोट: धक्क्याला बांधावी की बोयावर ठेवावी?

सहा मीटरच्या आसपासची फायबरची बोट, मागे ४० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन, आणि फिरायचा पट्टा पणजीहून वर रायबंदर, चोडण, दिवाडी. कधीतरी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायचे. एवढे ठरले की प्रश्न उरतो तो बोटीच्या मुक्कामाचा. ऑक्टोबर ते मे ती राहणार कुठे? ट्रेलरवर घालून घरी नेणे हा एक मार्ग आहे, पण महिन्यातून एकदाच बाहेर पडणाऱ्याला तो परवडतो. बोट पाण्यात सोडायच्या उताराच्या पायथ्याशी शेवाळ, ओहोटीला उघडा पडलेला चिखल, ट्रेलरच्या बेअरिंगमध्ये शिरलेले खारे पाणी, यातच सकाळ सरते. म्हणून तो इथे बाजूला ठेवतो. खरी निवड दोनच गोष्टींत आहे: काठावरचा चिऱ्याचा किंवा काँक्रीटचा धक्का, नाहीतर पात्रात टाकलेला ठोकळा, साखळी आणि वर तरंगणारा बोया.

तरंगता पाँटून मिळत असेल तर हा लेख वाचायची गरज नाही, तो घ्या. तो पाण्याबरोबर वर-खाली होतो, आणि धक्क्याच्या बहुतेक तक्रारी तिथे लागू होत नाहीत.

दोन्हींची तुलना करताना नदीपेक्षा भरती-ओहोटीचाच विचार आधी करावा लागतो. मांडवीच्या या पट्ट्यात पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक जवळपास २ मीटरचा असतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाला, तो निम्म्याहून कमी होतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत पंधरवड्याचा अंदाज द्यायला ठीक आहे, पण दोर त्या भरवशावर बांधू नयेत. जसजसे वर जाल तसतशी वेळ मागे पडते. आपल्या जागेचा फरक पणजीच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून चार-सहा वेळा स्वतः लिहून ठेवावा, मग तो वर्षभर उपयोगी पडतो.

धक्क्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. बोटीत पाय ठेवून चढता येते. पेट्रोलचे कॅन, बर्फाची पेटी, वयस्कर माणसे, लहान मुले, सगळे कोरडे आत येते. चार्जिंगची वायर ओढता येते, बॅटरी घरी न्यावी लागत नाही. पावसाळ्याआधीची एखादी जोरदार सर पडली तर पाच मिनिटांत जाऊन पाणी उपसता येते. ही शेवटची गोष्ट किरकोळ नाही: १० चौरस मीटर उघड्या बोटीत २० मिलिमीटर पाऊस म्हणजे २०० लिटर पाणी. आणि रात्री कुणी बोटीवर चढले तर काठावरच्या घरातला कुत्रा भुंकतो, हाही फायदा धरावा.

दोर मात्र नीट समजून बांधावे लागतात. नवीन माणूस दोर आखूड बांधतो, कारण आखूड दोराने बोट जागेवर राहील असे वाटते. हिशोब करून पाहा. धक्क्याचा कडा भरतीला बोटीच्या क्लीटपेक्षा (दोर बांधायच्या खुंटीपेक्षा) १ मीटर उंच, तर उधाणाच्या ओहोटीला ३ मीटर. दोर ४ मीटरचा असेल तर तो ओहोटीला आडवा सुमारे २.६५ मीटर पोहोचतो, भरतीला ३.८७. म्हणजे सव्वा मीटरची ढील, आणि तेवढी बोट पुढे-मागे भटकणार. तोच दोर ८ मीटरचा घेऊन लांबच्या खुंट्याला तिरपा नेला तर फरक अर्ध्या मीटरवर येतो. ३ मीटरपेक्षा आखूड दोराला बोट सरळ टांगली जाते, आणि मग क्लीट उपटते किंवा बोट कलंडून पाणी घेते. तेव्हा पुढचा आणि मागचा दोर भरती-ओहोटीच्या फरकाच्या किमान तिप्पट, शक्य तर चौपट. शिवाय नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून) मागे आणि मागच्या बाजूकडून पुढे असे दोन उलटे तिरपे दोर. १२ किंवा १४ मिलिमीटर नायलॉन चालते, कारण ते ताणले जाते. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असते, पण उन्हात एका हंगामात कुरकुरीत होते.

फेंडर, म्हणजे बोट आणि भिंतीच्या मध्ये टांगायची गादी, हा धक्क्याचा दुसरा कच्चा दुवा. सपाट भिंतीला उभे फेंडर पुरतात. खांब असलेल्या जेट्टीला ते पुरत नाहीत. बोट वीतभर सरकली की फेंडर खांबाच्या बाजूला निसटतो आणि फायबर थेट काँक्रीटवर घासते. दोन फेंडरांच्या बाहेरून दीड-दोन मीटरची लाकडी फळी आडवी टांगली की ती खांबावर टेकते. खालच्या अंगाला खांबांवर आणि चिऱ्यांवर कालवांचे शिंपले चिकटलेले असतात, त्यांची धार करवतीसारखी चालते. ओहोटीला दोर त्या पट्ट्यात लोंबत असेल तर पंधरा दिवसांत त्याचे तंतू सुटलेले दिसतात.

इथपर्यंतचे सगळे सांभाळता येते. ज्या एका त्रासाने माझे मत फिरले तो वेगळा आहे: ओहोटीला बोट धक्क्याच्या कड्याखाली शिरणे.

खांबांवरच्या जेट्टीचा वरचा फलाट पुढे आलेला असतो. चिऱ्याच्या जुन्या धक्क्यात एखादा दगड बाहेर निघालेला असतो, किंवा ट्रकचा टायर साखळीने लटकवलेला असतो. पाणी खाली गेले की बोटीचा काठ या कड्याच्या खाली येतो. नेमके तेव्हा मालवाहू बार्ज जाते, तिच्या लाटेने बोट आत सरकते, नाळेचा रेलिंग किंवा काठाची रबरी पट्टी कड्याखाली अडकते. वरून पाहिले तर काही बिघडलेले दिसत नाही. मग पाणी चढू लागते. बोट वर येऊ पाहते आणि कडा तिला खाली दाबून धरतो. सहा मीटरच्या बोटीला वर उचलणारा जोर टनांत मोजावा लागतो, तिथे माणसाच्या हाताचे काही चालत नाही. आधी रेलिंग वाकते, मग काठाचा जोड उकलतो, आणि अडकलेली बाजू खालीच राहिली तर पाणी काठावरून आत येते. बोटीतले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाने हे पाणी आवरत नाही. भरती दिवसातून दोनदा येते, त्यातली एक बहुधा रात्रीची किंवा तुम्ही कामावर असतानाची असते.

यावर उपाय आहेत. धक्क्याला तळापासून उभे लाकडी किंवा पीव्हीसीचे सरळ दांडे ठोकायचे, म्हणजे बोट त्यांच्यावरून घसरत वर-खाली होते. किंवा बाहेरच्या बाजूला एक छोटा नांगर टाकून बोट धक्क्यापासून मीटरभर ओढून ठेवायची. दोन्ही उपाय चालतात. पण दांडे दुसऱ्याच्या धक्क्याला ठोकता येत नाहीत, आणि बाहेर नांगर टाकला की धक्क्याचा मुख्य फायदा, पाय ठेवून चढण्याचा, तोच जातो. स्वतःचा धक्का असेल आणि दांडे बसवायची तयारी असेल तर माझा हा आक्षेप बराच सैल होतो, हे कबूल करतो.

बोयावरची बोट कशावरही आदळत नाही. पाणी चढले तर साखळी उचलली जाते, उतरले तर खाली लोळते; बोट ओढीकडे तोंड करून आपोआप फिरते. त्यासाठी सामान मात्र नीट हवे. काँक्रीटचा ठोकळा जमिनीवर ५०० किलोचा असला तरी पाण्यात त्याचे वजन साधारण २८५ किलोच भरते. म्हणून या बोटीला ५०० किलोच्या खाली जाऊ नये, आणि ठोकळा पसरट, तळाला खोलगट ओतावा, म्हणजे चिखलात रुतून बसतो. ओहोटीला २ मीटर, भरतीला ४ मीटर खोली असेल तर खाली १६ मिलिमीटरची जड साखळी ५ मीटर, मध्ये स्विव्हल (फिरता जोड), वर १० मिलिमीटरची ४ मीटर, मग ४० लिटरच्या आसपासचा बोया आणि त्याच्यापासून नाळेपर्यंत २ मीटरचे दोन दोर. दोन अशासाठी, की एक घासून तुटला तर दुसरा धरतो. नाळेच्या खाचेतून जिथे दोर जातो तिथे त्यावर जाड पाण्याचा पाइप चढवावा.

एवढ्या लांबीला ओहोटीच्या वेळी बोटीच्या फिरण्याची त्रिज्या सुमारे १७ मीटर होते. तेवढी जागा आजूबाजूला मोकळी हवी, आणि तीही बार्जच्या वाटेबाहेर. मांडवी, झुआरी आणि कुंभारजुव्याचा कालवा हे तिन्ही २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग आहेत. बंदर कप्तान खात्याला विचारल्याशिवाय ठोकळा टाकू नये. चोडण-रायबंदरसारख्या फेरीबोटीच्या रेषेपासूनही लांबच राहावे.

बिघडते ते साखळीचे एक ठरावीक ठिकाण: जिथे ती तळावरून उचलली जाते आणि पुन्हा पडते तो मीटर-दीड मीटरचा भाग. चिखलातली वाळू तिथे कड्या झिजवते. १० मिलिमीटरची कडी ८ वर आली की तो तुकडा बदलावा. शॅकलची, म्हणजे साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन गॅल्व्हनाइज्ड तारेनेच बांधावी. स्टेनलेस स्टीलची किंवा तांब्याची तार लावली तर खाऱ्या पाण्यात जस्ताचा थर लवकर जातो. मांडवीत पाणी दिवसातून चार वेळा फिरते, त्यामुळे स्विव्हल गंजून जाम झाला तर साखळीला पीळ बसत जातो आणि ती आखूड होते. उधाणाच्या भरतीला बोया अर्धा बुडालेला दिसला तर आधी हेच तपासावे.

बोयाचे त्रास लपवण्यात अर्थ नाही. जायला होडी लागते, आणि ती होडी काठावर कुठेतरी बांधावी लागते. दुपारी पश्चिमेचा वारा आणि ओहोटी एकमेकांविरुद्ध आले की बोट बोयावर चढून ठक-ठक करते. दोर आखडून बोया नाळेला घट्ट लावला की आवाज कमी होतो, पूर्ण जात नाही. पाणकावळे बोटीवर बसतात आणि घाण करतात. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी दर वेळी उतरवून न्यावी, हे उत्तम. तेव्हा स्वयंचलित पंपासाठी वेगळी छोटी बॅटरी आणि सौर पट्टी लागते.

बोया पकडताना शेजारच्या, आपल्यासारख्याच उथळ बोटी कुठे तोंड करून आहेत ते पाहावे आणि त्याच दिशेने यावे. शेवटचे दोन बोटींच्या लांबीएवढे अंतर नुसत्या ओघाने, गिअर न्यूट्रलमध्ये. चुकले तर रिव्हर्स मारू नये; बोटीला मागे वाहून जाऊ द्यावे आणि फिरून यावे, नाहीतर दोर पंख्यात जातो. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे पंख्यातला दोर काढायला पाण्यात उतरता येत नाही. लांब दांड्याला बांधलेला दातेरी सुरा बोटीत असावाच. इंजिन टिल्ट करून मागच्या बाजूने काम होते.

बाहेर रोज जायचे असेल, घरात लहान मुले असतील आणि धक्का स्वतःचा असेल, तर धक्क्याला नाही म्हणणे अवघड आहे. आठवड्यातून एक-दोनदा जाणाऱ्याने, ज्याची बोट बाकीचे पाच दिवस एकटी राहते त्याने, माझ्या मते होडीचा त्रास पत्करावा. एकट्या बोटीला पाण्याबरोबर वर-खाली होता आले पाहिजे, आणि इथे ते बोयावरच खात्रीने होते.

मे संपण्याआधी बोट बाहेर काढायचीच आहे, कुठेही ठेवली तरी. तेव्हा चांगला बोया काढून घ्यावा आणि त्याच्या जागी झाकण सीलबंद केलेला ३५ लिटरचा प्लास्टिक कॅन लावावा. पुराबरोबर ओंडके येतात, त्यांच्यासाठी महागडा बोया कशाला. साखळी नुसती तळाशी सोडून देऊ नये. पावसाळ्यातला गाळ तिच्यावर बसला की ऑक्टोबरमध्ये ती गळ टाकून शोधत बसावी लागते.