'फक्त ट्यूनिंग करून घ्या' या चार शब्दांची किंमत

मागच्या दिवाळीनंतर मी रिमोटवर उडणाऱ्या विमानासाठी एक वापरलेले ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी प्लगमधल्या तापलेल्या तारेने इंधन पेटवणारे) विकत घेतले. आकार ४६, म्हणजे साधारण साडेसात सीसी, टू-स्ट्रोक, जपानी बनावटीचे. किंमत साडेनऊ हजार रुपये. विकणारे गृहस्थ दुसऱ्या शहरातले, बोलायला गोड आणि या छंदात माझ्यापेक्षा मुरलेले होते. त्यांनी केलेले वर्णन मला आजही पाठ आहे : "पिस्टन-लायनर कडक आहे, बेअरिंग नवीन आहेत, फक्त ट्यूनिंग करून घ्या." यातली पहिली दोन विधाने खरी निघाली. लबाडी तिसऱ्यात होती, आणि ती अशा बेमालूमपणे बसवलेली होती की पुढचे तीन महिने मी दोष स्वतःच्याच हातांना देत राहिलो.

ग्लो इंजिनाचे इंधन म्हणजे मुख्यतः मेथॅनॉल, त्यात १८ ते २० टक्के तेल आणि थोडे नायट्रोमिथेन. इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नसते. तेल जे पोहोचायचे ते इंधनाबरोबरच पोहोचते. म्हणून मिश्रण लीन झाले, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडले, की इंजिन तापते आणि नेमक्या त्याच वेळी तेलही कमी पडते. फुल थ्रॉटलवर नीडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू; ट्यूनिंग मुख्यतः त्याचेच) बंद करत करत सर्वाधिक आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठायचे आणि तिथून ती किंचित उघडून दोन-तीनशे आरपीएम मुद्दाम सोडून द्यायचे, ही आमची सवय त्यातूनच आलेली आहे.

मी इंजिन न बघता घेतले नाही. चार तास एसटीने जाऊन त्यांच्या गॅलरीतल्या टेस्ट स्टँडवर ते चालताना पाहिले. मी पोहोचलो तेव्हा इंजिन गरमच होते. "तुमची वाट पाहत होतो, एकदा फिरवून ठेवले," असे ते म्हणाले. प्रॉपेलरला झटका देताच ते सुरू झाले आणि फुल थ्रॉटलवर सुरेख ओरडले. आयडल, म्हणजे बंद न पडता सर्वांत मंद चालणे, दाखवा म्हटल्यावर त्यांनी थ्रॉटल जेमतेम तीन सेकंद खाली आणला व लगेच वर नेला. टाकी स्टँडवर कार्ब्युरेटरपेक्षा (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागापेक्षा) चांगली वीतभर उंच बांधलेली होती आणि सुरू करण्यापुरती प्लगला लावायची बॅटरीची क्लिप शेवटपर्यंत काढलेली नव्हती. या दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या. लाल वायर थरथरत होती, हेसुद्धा आठवते. पण पसंत पडलेल्या वस्तूत खोट शोधायला मन धजत नाही, आणि मी जागेवरच पैसे पाठवून मोकळा झालो.

उंच टाकीतून इंधन स्वतःच्या वजनानेच खाली उतरते, त्यामुळे कार्ब्युरेटरची इंधन ओढण्याची ताकद कमी असली तरी ते झाकले जाते. क्लिप लावलेली असली की प्लगची तार बॅटरीवर लाल राहते, त्यामुळे मिश्रण बिघडलेले असूनही इंजिन बंद पडत नाही. विमानात मात्र टाकीचा मध्य जवळजवळ नीडलच्या पातळीत असतो आणि बॅटरी जमिनीवरच राहते.

घरी आणून विमानात बसवल्यावर इंजिनाने रंग दाखवायला सुरुवात केली. थ्रॉटल ओढल्यावर आवाज लगेच उतरत नसे, दोन-तीन सेकंद वरच रेंगाळे आणि मग इंजिन एकदम बंद पडे. नीडल अडीच वळशांऐवजी चार वळसे उघडली, तर जमिनीवर बरे चालले. पण उड्डाणानंतर नाक वर होताच तीस-चाळीस फुटांवर इंजिन गप्प झाले आणि विमान शेजारच्या ज्वारीत उतरले. एक पंख गेला. टाकीपासून येणारी नळी क्षणभर चिमटीत दाबून पाहण्याची चाचणी केली, तर कधी आरपीएम किंचित वाढून मग उतरे, म्हणजे मिश्रण ठीक; पुढच्याच वेळी ते जागीच बसे, म्हणजे लीन. जो दोष दर वेळी वेगळे उत्तर देतो तो बहुधा नीडलचा नसतो, हे आता कळते.

दर वेळी मी त्या गृहस्थांना फोन करी आणि दर वेळी ते आपुलकीने सल्ला देत. आधी प्लग बदला. मग इंधन ओलावा धरलेले असेल, नवा कॅन घ्या. मेथॅनॉल हवेतले पाणी ओढते हे खरे असल्यामुळे तेही पटले. मग टाकीतली नळी, मग मफलरकडून येणारी दाबाची नळी. एकही सल्ला चुकीचा नव्हता, आणि खरी हातचलाखी तीच होती. "आठ दिवसांत तक्रार असेल तर परत घेईन," असे त्यांनी कबूल केले होते. ते आठ दिवस या सल्ल्यांतच निघून गेले.

शेवटी मी कार्ब्युरेटर काढला. त्याच्या गळ्याचे खालचे तोंड रबरी बुचाने बंद केले, नीडल बंद केली, वरच्या तोंडाला नळी घट्ट बसवली आणि थ्रॉटल उघडा ठेवून पाण्याच्या पातेल्यात बुडवून फुंकले. (ते पातेले परत स्वयंपाकघरात गेले नाही, मेथॅनॉल विषारी असते.) गळ्याच्या मागच्या बाजूने बारीक बुडबुड्यांची सरळ माळ वर आली. नखाने खरवडल्यावर काळ्या रंगाची पापुद्री निघाली, तिच्याखाली इपॉक्सीचा थर, आणि त्याखाली केसासारखी तडा. ही तडा थ्रॉटलच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असल्यामुळे थ्रॉटल बंद केला तरी तिथून हवा आत जातच राहते. फुल थ्रॉटलवर ती त्या मानाने नगण्य, आयडलवर मात्र तीच मिश्रण बिघडवते. इपॉक्सी लावणे ही दुरुस्ती समजता येईल. त्यावर इंजिनाच्या रंगाशी जुळणारा रंग फासणे ही दुरुस्ती नव्हे. मग त्यांनी पाठवलेले सहाही फोटो पुन्हा पाहिले. सगळे नीडलच्याच बाजूने काढलेले होते.

फोटो पाठवून विचारल्यावर उत्तर आले : "तुम्हीच उघडलेत, तडा तुमच्याकडून गेली नाही कशावरून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण स्क्रू सैल करण्याआधी मी व्हिडिओ काढला नव्हता. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही.

वापरलेले इंजिन घ्यायला जाणाऱ्यांनी ते थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला सांगावे आणि टाकी नीडलच्या पातळीत आणून मगच पाहावे. क्लिप काढून पूर्ण एक मिनिट आयडल ऐकावे, तिथून थ्रॉटल झटक्यात वर न्यायला लावावा, आणि जमल्यास स्टँड तिरपा करून नाक आकाशाकडे धरावे. कार्ब्युरेटरच्या मागच्या बाजूचा फोटो आधीच मागावा. तो पाठवायला कोणी टाळाटाळ करू लागले तर एसटीचे तिकीट काढू नये. मी नवा कार्ब्युरेटर साडेचार हजारांना घेतला. नीडल अडीच वळशांवर ठेवली आणि इंजिन पहिल्याच दिवशी शांतपणे आयडलला बसले.