ओटीजीसाठी घेतलेला पिझ्झा स्टोन: चार पिझ्झा नाइट झाल्यावर लिहितेय

दिवाळीनंतर हा स्टोन घेतला, म्हणजे ओटीजीत (छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) तापवून ज्याच्यावर पिझ्झा भाजायचा तो सपाट दगड, कोर्डिएराइटचा (उष्णता सोसणारं सिरॅमिक), १२ बाय १२ इंच, दीड सेंटीमीटर जाड, सोळाशेच्या आसपास पडला. आत्तापर्यंत त्याच्यावर चार वेळा पिझ्झा नाइट झालीय, प्रत्येक वेळी सात-आठ माणसं, त्यामुळे आता नीट सांगता येईल. आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो, शनिवारी संध्याकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून कुठेतरी पोचायचं आणि मग टेबलसाठी उभं राहायचं याचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता, म्हणून कॉलेजचा ग्रुप हळूहळू आमच्याच घरी जमायला लागला. पण घरच्या पिझ्झाचं दरवेळी तेच व्हायचं, वर चीज लाल झालेलं आणि खाली बेस पांढरा, ओलसर, तुकडा उचलला की टोक खाली लोंबतंय आणि टॉपिंग ताटात.

स्टोनने हे थांबवलं. पहिल्या दिवशी सासूबाई ओट्याशी उभं राहून बघत होत्या, त्या सिंधुदुर्गातल्या, त्या लगेच म्हणाल्या, "अगं, हे आपल्या घावनासारखंच की, बिडाचा तवा तापला नसेल तर घावन सुटतं का कधी?" अगदी तेच आहे. ओटीजीसोबत येणारा ट्रे पातळ पत्र्याचा, त्याच्यावर गार उंडा पडला की तो लगेच थंड होतो, जाड दगडात मात्र उष्णता साठलेली असते आणि ती थेट बेसला खालून मिळते. म्हणून स्टोन घेतलात तर एक गोष्ट मनावर घ्या, तो २५० डिग्रीवर, दोन्ही रॉड चालू ठेवून, ४५-५० मिनिटं तापवायचा. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, दगड नाही. दुसऱ्या वेळी पाहुणे लवकर आले म्हणून मी वीस मिनिटांतच पहिला पिझ्झा टाकला आणि तो परत पांढराच निघाला, त्याच्यानंतरचा तिसरा मात्र खालून मस्त तपकिरी, बोटाने वाजवला तर टक टक आवाज यायला लागला.

अपेक्षा काय ठेवायची तेही सांगते. नेपल्समध्ये लाकडाच्या भट्टीत ४३० ते ४८० डिग्रीला ६० ते ९० सेकंदांत पिझ्झा भाजतात, तिथे १९८४ मध्ये स्थापन झालेली एक संस्था आहे तिचे तसे नियमच आहेत, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे २५० डिग्री आणि सात-आठ मिनिटं. त्यामुळे काळ्या ठिपक्यांची, मऊ फुगलेली कड होणार नाही, होईल तो खालून कुरकुरीत, कडेला थोडा चिवट असा पिझ्झा, आणि मला तो मनापासून आवडतो.

त्रास कशाचा आहे, तर वेळेचा. एकावेळी एकच पिझ्झा बसतो, तो काढला की दगड परत तापायला पाच-सहा मिनिटं द्यावी लागतात, म्हणजे आठ पिझ्झांना पावणेदोन तास. साडेसातला पहिला टाकला तर सव्वानऊला शेवटचा. सगळ्यांनी एकदम पानं मांडून बसायचं असेल तर हा स्टोन घेऊ नका, खरंच नका घेऊ. आमच्याकडे प्रत्येक पिझ्झाचे आठ तुकडे करून सगळ्यांत वाटतो, उभ्याउभ्या खातो, पुढचा कुणाचा यावर भांडाभांडी चालते, आणि मला तर हेच जास्त आवडतं कारण मी किचनमध्ये एकटी पडत नाही, सगळे तिथेच येऊन उभे राहतात.

पीठ आदल्या रात्रीच मळून ठेवते. १ किलो २०० ग्रॅम मैदा, ७५० मिली फ्रिजमधलं पाणी, २५ ग्रॅम मीठ आणि इन्स्टंट यीस्ट फक्त ३ ग्रॅम, यात साधारण २४५ ग्रॅमचे आठ उंडे होतात. यीस्ट बघून कमी वाटेल, पण रात्रभर आणि दुसरा दिवसभर फ्रिजमध्ये हळूहळू फुगतं आणि चव त्यानेच येते. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की पाणी ३०-४० मिली कमी घालते, नाहीतर उंडा हाताला सोडत नाही. लाटायचं नाही, बोटांनी मधून कडेकडे दाबत न्यायचं, लाटण्याने आतली हवा जाते.

स्टोनसोबत पिझ्झा सरकवायचं फावडं येत नाही, ही कंपनीने केलेली कंजुषीच आहे. मी बेकिंग ट्रे उलटा करते आणि भाकरीला लावतो तशी तांदळाची पिठी त्याच्यावर भुरभुरते, पिझ्झा छान घसरतो, फक्त सॉस लावल्यावर रेंगाळायचं नाही, दोन मिनिटं थांबलात की तो ट्रेला चिकटलाच. टॉपिंग कमी ठेवा. एका मित्राने पनीर, कॉर्न, सिमला मिरची, टोमॅटो सगळं एकावर एक रचलं आणि त्याचं पाणी सुटून मधला भाग कच्चा राहिला. जांभळी नाक्याच्या भाजीबाजारातून आणलेले टोमॅटो असले तरी बिया काढून सॉस आटवून घ्यावाच लागतो, आणि चीज पाण्यातल्या ताज्या गोळ्यांचं नको, साधं ब्लॉकचं मोझरेला किसून घाला.

ग्रुपमध्ये एक मैत्रीण जैन आहे, तिचा बिनकांदा-लसणाचा पिझ्झा मी स्टोन स्वच्छ असतानाच पहिला करते. पार्मेजान घरात आणतच नाही, कारण खरं पार्मेजान रेनेटने, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या, दूध फाडायच्या पदार्थाने बनतं, आणि हे बऱ्याच शाकाहारी लोकांना माहीतच नसतं.

याच्या आधी एक स्वस्तातला स्टोन मागवला होता, त्याच्या बॉक्सवर मटेरियलच लिहिलेलं नव्हतं, दुसऱ्याच वेळी तापलेल्या दगडावर थोडा सॉस सांडला आणि तडकन आवाज येऊन दोन तुकडे झाले, विक्रेत्याने परत घ्यायची मुदत संपली म्हणून हात वर केले. मला फार वाईट वाटलं होतं, घरात माणसं बसलेली. कोर्डिएराइट तापल्यावर फार कमी प्रसरण पावतं, कपबशा भाजायच्या भट्टीतल्या फळ्याही त्याच्याच करतात, म्हणून घेताना हा शब्द लिहिलेला आहे का ते बघाच. तरी त्याच्यावर गार पाणी ओतू नका. साबणही नको, दगड तो शोषतो, गार झाल्यावर उलथन्याने खरवडून ओल्या फडक्याने पुसला की झालं. डाग पडतात, माझा आता नकाशासारखा दिसतो, चवीला काही फरक पडत नाही.

घेण्याआधी ओटीजी आतून मोजा, चारी बाजूंनी बोटभर जागा हवी, नाहीतर गरम हवा फिरत नाही. माझा ४० लिटरचा आहे. पॉवर प्लगलाच लावा.

गेल्या शनिवारी एक उंडा उरला होता. रविवारी सकाळी तो तसाच थापून, वर लोणी-लसूण लावून भाजला, आणि सासूबाईंनी चहासोबत अर्धा खाल्ला आणि उरलेला डब्यात घालून खालच्या मजल्यावरच्या काकूंना पाठवला.