मांडवीच्या मागचं मण्यांचं दुकान आणि रोज क्वार्ट्झची माळ

बडोद्यात रोज क्वार्ट्झ म्हणजे गुलाबी स्फटिक घ्यायचा असेल तर मांडवीच्या मागच्या गल्लीत मण्यांचं एक छोटं दुकान आहे, पाटी पण नीट दिसत नाही, तिथेच जा असं मी सगळ्यांना सांगतेय. आईला जपाला माळ हवी होती, गरुडेश्वरला जाताना न्यायला. स्फटिकाची तिच्याकडे आहेच म्हणून म्हटलं यावेळी गुलाबी घेऊ.

आधी एका मोठ्या शोरूममध्ये गेले होते, तिथे हा नर्मदेतला दगड आहे, घातला की लग्न जमतं असं बरंच काही सांगून चिक्कार भाव लावला. मांडवीच्या काकांनी मात्र सुरुवातच अशी केली की बेन, हा आपल्याकडचा नाही, हा राजस्थानचा आणि तो गडद आहे ना तो मादागास्करचा. मी एम. एस. ला, म्हणजे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, जिऑलॉजी शिकलेय त्यामुळे एवढं ऐकूनच बरं वाटलं. आपल्या गुजरातमधल्या रतनपूरचा अकीक (अ‍ॅगेट) बेसॉल्ट या काळ्या खडकातला, लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यात सिलिका साचत गेली. रोज क्वार्ट्झचं तसं नाही, तो पेग्मटाइटच्या गाभ्यात होतो, म्हणजे ग्रॅनाइटचा उरलेला पाणीदार रस जमिनीखाली जिथे शेवटी घट्ट होतो तिथे. म्हणून त्याचे मोठे मोठे ढेकूळच निघतात, टोकदार स्फटिक फार क्वचित. गुलाबी रंग टायटॅनियममुळे येतो असं पूर्वी बरेच जण मानायचे, पण नंतर त्यात डुमॉर्टिएराइटसारख्या खनिजाचे अतिसूक्ष्म तंतू सापडले आणि रंग त्यांचाच निघाला. दगड धुरकट, दुधाळ दिसतो तो पण त्यांच्यामुळेच. काकांनी एका गोल गोळ्यावर मोबाईलचा टॉर्च धरला तर आत सहा किरणांचा तारा दिसला, खूप सुंदर, दुकानात जाल तर हे बघायला नक्की मागा. एकदम काचेसारखा पारदर्शक गुलाबी मणी कोणी स्वस्तात देत असेल तर आत बुडबुडे आहेत का बघा, असले तर काचच. खरा क्वार्ट्झ हाताला गार लागतो आणि काचेवर ओरखडा पाडतो, कडकपणा 7 आहे त्याचा.

आता अध्यात्माचं. अनाहत म्हणजे हृदयाजवळच्या चक्राचा दगड म्हणून हा विकला जातो, पण ते नातं अलीकडचं, क्रिस्टल हीलिंगमधून म्हणजे दगडांनी बरं करण्याच्या पद्धतीतून आलेलं. नवरत्नांमध्ये हा नाही. आपल्या परंपरेत अनाहत म्हणजे बारा पाकळ्यांचं कमळ आणि यं हा बीजमंत्र, त्यात दगड कुठला घ्या असं काही नाही. तरीसुद्धा मला वाटतं जपात मन हळवं व्हायला हा रंग मदत करतो, आई पण म्हणाली बोटं शांत चालतात. लग्न जमवण्यापेक्षा हे मला जास्त खरं वाटतं.

माळेचे मणी गुजरातमधल्याच खंभातमध्ये घडवलेत. तिथे लोखंडी खुंटीवर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने तासायची पद्धत फार जुनी, आपल्या एम. एस. च्या आर्किऑलॉजीवाल्यांनी हडप्पाचे मणी समजून घ्यायला तिथल्याच कारागिरांचा अभ्यास केला. पण घिसाईच्या धुळीने तिथल्या कितीतरी लोकांना सिलिकोसिस झालाय, फुप्फुसं कायमची जातात. प्रेमाचा दगड म्हणून घ्यायचा आणि तो कोणाच्या श्वासावर घासला गेला हे विचारायचंच नाही, हे मला जमत नाही. मी विचारलं तेव्हा काका न चिडता म्हणाले की त्यांचा माल पाणी सोडून घासणाऱ्याकडून येतो. तुम्ही पण विचारा, सगळ्या दुकानांत विचारा.

108 मण्यांची माळ बाराशेला पडली, भोकं सरळ, कडा कुठे टवकलेल्या नाहीत, फक्त दोरा कच्चा वाटला म्हणून गाठी मारून परत ओवून घेतली, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. गाडी सूरसागरकडे लावा, गल्लीत जागा मिळत नाही, आणि दुपारी दुकान बंद असतं म्हणून संध्याकाळीच जा.