'47 ते 55, सगळ्यांना बसेल' म्हणे! जुन्या शेव्हर्ले ट्रकचा पत्रा मागवायचा अनुभव, 5 पैकी 3

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण अर्धा घोळ माझाच होता, ते पुढे येईलच. गाडी आहे शेव्हर्ले 3100, अर्ध्या टनाची, 1947 च्या मध्यापासून 1955 च्या सुरुवातीपर्यंत ती गोल चेहऱ्याची निघायची ना, तीच. यांच्याकडून ऑनलाइन चार वस्तू घेतल्या, उजवं दार (वापरलेलं, ओरिजिनल), केबिनचे मागचे खालचे दोन्ही कोपरे, समोरची जाळी आणि पुढचं उजवं मडगार्ड. शेवटच्या तीन नवीन, म्हणजे डुप्लिकेट बनावटीच्या.

आधी साइटबद्दल. अर्ध्या पार्टांपुढे सरळ '47 ते 55' ठोकून दिलंय आणि खरी बोंब तिथेच आहे. बाहेरून गाडी आठ वर्षं सारखीच दिसते पण 1951 ला दारात पुढे ती छोटी त्रिकोणी काच आली, 1952 ला खाली दाबून फिरवायचं हँडल जाऊन बटणाचं आलं, 1954 ला तर पुढची दोन तुकड्यांची काच जाऊन एकसंध वळणाची काच, डॅशबोर्ड नवीन, पाच आडव्या पट्ट्यांची जाळी पण गेली. आणि 1951 मध्ये वर्षाच्या मधेच हौद्याच्या फळ्या नऊच्या आठ केल्या, म्हणजे नुसतं वर्ष माहीत असून पण भागत नाही. एवढं सगळं असताना '47 ते 55' लिहायचं म्हणजे कमाल आहे. हौद्याच्या बाजूंना मात्र त्यांनी 53 पर्यंतच्या आणि 54 नंतरच्या अशा वेगळ्या लिस्ट केल्यात, कारण 54 पासून वरची कड मागे उतरती न राहता सरळ आडवी झाली. म्हणजे माहिती आहे त्यांना, फक्त सगळीकडे लिहायचा कंटाळा.

आता दाराचा किस्सा. माझ्या गाडीच्या कागदावर 1951 आहे. उजवं दार पार गेलेलं, खालून हात घातला तर बाहेर यायचा. डावं दार बिनत्रिकोणी काचेचं, तर मला वाटलं आधीच्या मालकाने कधीतरी दुसऱ्या जुन्या गाडीचं उचलून लावलं असणार. असं लोक करतातच. म्हणून मी शहाणपणाने 1951 चं, त्रिकोणी काचवालं दार मागवलं. आलं, दार मस्त, पत्रा घट्ट, चुंबक सगळीकडे चिकटतंय म्हणजे आत पुट्टी नाही, बिजागऱ्यांच्या पिना पण ढिल्या नाहीत. लावून बघितलं तर बसलं पण. पण गाडीसमोर उभं राहिलं की एका बाजूला त्रिकोणी काच, दुसऱ्या बाजूला नाही, तोंड वाकडं झाल्यासारखं.

चिडून फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, डाव्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर कारखान्याने ठोकलेली नंबराची छोटी प्लेट आहे का, तिच्यावर काय आहे ते वाचून दाखवा. रंगाचे तीन थर खरवडून वाचलं, पहिल्या आकड्यानंतर 'एचपी'. तो म्हणाला मग गाडी 1950 चीच आहे, एचपी म्हणजे 1950 ची अर्धा टन, 1951 ची असती तर जेपी असतं. त्याच्या पुढचं अक्षर महिन्याचं, ते पण वर्षाच्या शेवटाकडचं निघालं. म्हणजे बनली 50 च्या अखेरीला, विकली गेली पुढच्या वर्षी आणि कागदावर विक्रीचं वर्ष चढलं. डावं दार ओरिजिनल होतं आणि मी त्यालाच उपरं समजत होतो! दार परत घेतलं, वाहतूक खर्च माझ्या माथी, त्याबद्दल तक्रार नाही. बदली दार त्याने जीएमसीचं दिलं, म्हणजे शेव्हर्लेच्याच कंपनीचा दुसरा ट्रक ब्रँड, त्या काळात दोघांची केबिन एकच, जाळी आणि बोनेटवरची नावं तेवढी वेगळी. एकदम जुळलं. हेच चार प्रश्न ऑर्डर घेताना साइटने विचारले असते तर माझा महिना वाचला असता.

केबिनचे कोपरे उत्तम, मनापासून शिफारस. या गाड्यांचे कोपरे सडतातच, आत चिखल साचतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. वळण तंतोतंत आलंय. फक्त तुकडा आला तेवढा सगळा बसवायला जाऊ नका, सडलंय तेवढंच कापा आणि नवीन तुकडा त्याला बेतून घ्या. आणि कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे चौकोनी पाइप वेल्डिंगचे टाके मारून घ्या, नाहीतर केबिन जराशी जरी बसली तरी दार परत कधी लागणार नाही. जाळी ठीक, पाच पट्ट्या, भोकं जुळली, विषय संपला.

मडगार्ड मात्र डोक्याला ताप. लिहिलंय 18 गेज, म्हणजे पत्रा साधारण 1.2 मिमी पाहिजे. कड घासून मायक्रोमीटर लावला तर 0.9, म्हणजे 20 गेज. माझ्या जुन्या मडगार्डाला न सडलेल्या जागी लावला, 1.2. वरचा काळा रंग 'प्रायमर' म्हणून विकतात, थिनरचा बोळा फिरवला तर बोळा काळाकुट्ट आणि खाली चकचकीत पत्रा. म्हणजे तो प्रवासापुरता रंग, त्याच्यावर तसंच पेंट मारलं तर पुढे सोलून निघणार, सगळं उतरवूनच काम करावं लागतं. बोल्टची दोन भोकं पाव इंच सरकलेली, ते एकवेळ चालेल, भोक लांबवता येतं. पण आकार? सुती फडकं हाताखाली धरून जुन्या मडगार्डावरून हात फिरवला की चाकाच्या वर एक भरीव फुगवटा लागतो, नव्यावर त्याच जागी हात सपाट जातो आणि अंगठ्याने दाबलं की पत्रा डबक डबक करतो. डोळ्याला दिसत नाही, पण चकचकीत रंग चढला की लांबून दिसेल. फोटो पाठवले तर उत्तर आलं की 'डुप्लिकेट मालात थोडं उन्नीस-बीस चालतं'. हे लिहिणारा फोनवाला नव्हता एवढं नक्की.

पॅकिंग चांगलं, कडांना फोम, एक पण पोचा नाही. तिसरा स्टार फोनवाल्याचा, नाहीतर दोनच दिले असते. यांच्याकडून घ्यायचंच असेल तर साइटवर ऑर्डर टाकू नका, प्लेटवरचा नंबर हातात घेऊन फोन करा, कोपरे, छोटे तुकडे आणि वापरलेला ओरिजिनल माल घ्या.

डावं मडगार्ड मी मागवणार नाहीये. जुनंच ठोकून घेतोय, रंग उतरवल्यावर काल भोकं मोजली, सव्वीस.