1911 चा चकचकीत रुपया: धुतलेलं नाणं ‘यूएनसी’ म्हणून कसं गळ्यात मारतात

पुण्यातल्या एका नाणे-प्रदर्शनात पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया ‘एकदम यूएनसी, डब्यातून काढल्यासारखा’ असं सांगून मला 18,000 रुपयांना विकण्यात आला. यूएनसी म्हणजे ‘अनसर्क्युलेटेड’, चलनात कधी न फिरलेलं नाणं. नाणं अस्सल आहे. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोब्बर तोळा. चांदीतही खोट नाही. फक्त ते केमिकलमध्ये बुडवून वर घासून काढलेलं आहे. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण ही त्याची एकट्याची तऱ्हा नाही. तऱ्हा मात्र सविस्तर लिहितो.

नवख्यांसाठी थोडक्यात: हा तो ‘डुक्कर रुपया’. राजाच्या झग्यावर छोटासा हत्ती आहे, पण 1911 च्या साच्यात त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने बरीचशी नाणी परत घेऊन वितळवली आणि 1912 पासून हत्ती सुधारला. म्हणून या वर्षाला मागणी. हाताळून झिजलेला नग परवडतो, चलनात न फिरलेला मात्र त्याच्या कैक पटींनी महाग. धुलाईचा सगळा धंदा या दोन किमतींच्या मधल्या जागेत चालतो.

स्टॉलवर नाणं पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये, चारी बाजूंनी पिना मारून ठेवलेलं होतं. काढून दाखवा म्हटलं तर, ‘साहेब, बोट लागलं की ग्रेड पडते.’ ग्रेड म्हणजे नाणं किती जपलेलं आहे त्याची प्रत. हे खरंच आहे, संग्राहकाला पटतंच. पण त्या होल्डरच्या प्लॅस्टिकवर इतके चरे होते की नाण्यावरचे चरे कुठले आणि वरचे कुठले हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. वर चहूबाजूंनी एलईडीच्या पट्ट्या. अशा उजेडात प्रत्येक नाणं चमकतं.

शंका काढली की त्याचं दुसरं वाक्य तयार: ‘विश्वास नसेल तर अमेरिकेला पाठवा, ग्रेड करून आणा. कमी आली तर पैसे परत.’ तिथे नाण्यांची ग्रेड ठरवून देणाऱ्या कंपन्या आहेत. ऐकायला किती छातीठोक! पण 100 वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. त्यालाही हे ठाऊक आहे. जी पैज कुणी घेऊच शकत नाही, ती लावायला त्याचं काय जातं?

घरी होल्डर उघडला आणि खोलीतले सगळे दिवे बंद करून एकच टेबललॅम्प लावला. शेजारी 1918 चा एक साधा, सहज मिळणारा, पण न धुतलेला रुपया ठेवला. हे प्रत्येकाने एकदा तरी करून बघावं. टांकसाळीत ठसा पडताना चांदी मधून कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात. खरी झळाळी त्या रेषांची असते. नाणं दिव्याखाली सावकाश कलतं करत गोल फिरवलं की प्रकाशाचा पट्टा त्यावरून फिरत जातो. 1918 च्या रुपयावर तो फिरला. माझ्या 1911 वर प्रकाश जिथल्या तिथे थांबला, नव्या स्टीलच्या ताटलीसारखा, सगळीकडे सारखाच पांढरा.

मग दहा पटीचं भिंग लावलं. राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत केसासारखे बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने, आणि अक्षरांपाशी आले की तुटलेले. अक्षर उंच असतं, फडकं त्याच्यावरून उडी मारतं. ‘एम्परर’ या इंग्रजी अक्षरांच्या बेचक्यांत मात्र जुना काळा मळ तसाच बसलेला. सर्वांत बोलका पुरावा हत्तीचा. त्याची पाठ सपाट झालेली, राजाची भुवई पुसट. हे उंचवटे झिजलेत म्हणजे नाणं लोकांच्या कनवटीला फिरलेलं आहे. फिरलेल्या नाण्याची मोकळी जागा आरशासारखी राहील कशी? यूएनसी सोडाच, हा बरा व्हीएफ (‘व्हेरी फाइन’, म्हणजे फिरून थोडा झिजलेला), तोही धुतलेला. दोन वेगळ्या विक्रेत्यांनी सांगितलेली किंमत माझ्या रकमेच्या पाव हिश्श्याच्या आतबाहेर होती.

आता नाणी धुणं हे काही पाप नाही. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या तबकातले राणीछाप रुपये पिढ्यान्‌पिढ्या चिंच, राख, रांगोळी आणि हल्ली टूथपेस्ट लावून लखलखीत करतात. घराघरांतून बाहेर येणारे बहुतेक रुपये असेच घासलेले असतात. ते घासलेले म्हणून, त्या भावाने विका, कुणाची ना नाही.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्या गृहस्थाने नाणं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, ‘पांढरं आवडत नाही का? ठेवून जा, जुना रंग चढवून देतो.’ गंधकाची वाफ दिली की चांदी काळीनिळी पडते, हे संग्राहकांना नवीन नाही, पण ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सेवा म्हणून देऊ करणारा पहिल्यांदाच भेटला. या चढवलेल्या रंगापासूनही सांभाळा. वर्षानुवर्षं हळूहळू चढलेला रंग पिवळसर, तांबूस, मग निळा असा एकातून एकात विरत जातो आणि त्याच्या खालून झळाळी फिरताना दिसते. घाईने दिलेला रंग ओरखड्यांच्या आतही उतरतो आणि डागासारखा दिसतो.

पैसे परत मिळाले नाहीत, कारण पावतीवर ‘जुने नाणे, 1 नग’ एवढंच आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथेही पहिला प्रश्न तोच: यूएनसी म्हणून विकलं हे लेखी कुठे आहे?

तेव्हा महागाचं नाणं घेताना पावतीवर वर्ष, टांकसाळ, ग्रेड आणि ‘न धुतलेले, धुतलेले आढळल्यास पूर्ण रक्कम परत’ हे शब्द मुदतीसह लिहून घ्या. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो तिथेच, होल्डरच्या बाहेर काढून घ्या. कडेला धरून काढलं तर कुठलीही ग्रेड पडत नाही. मी त्यानंतर तिघांकडे ही ओळ मागितली. एकाने काही न बोलता लिहून दिली, दुसऱ्याने ‘ग्रेड नाही लिहीत, न धुतलेले एवढं लिहितो’ म्हणून किंमत थोडी उतरवली, आणि तिसऱ्याने नाणं परत पेटीत ठेवलं.