साडेसतरा हजार गेले, ऑप्टिमसही गेला

साडेसतरा हजार. आकडा आधीच सांगतो, म्हणजे हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. आमच्या घरात हसून झालंय.

ऑप्टिमस प्राईम म्हणजे ट्रान्सफॉर्मर्सचं खेळणं; माझा १९८५च्या मालातला. मामानं १९८६ साली दुबईहून आणला, मी आठ वर्षांचा होतो. लाल ट्रक, उलगडला की रोबो. बंदूक आहे, दोन्ही मुठी आहेत. ज्याला हा नाद आहे त्याला मुठींचं महत्त्व कळेल; त्या सुट्या असतात आणि पहिल्या सुट्टीतच हरवतात. धाकट्या भावानं दोन वर्षांचा असताना पुढच्या रबरी टायरला दात लावले होते. तेवढ्या खुणा सोडल्या तर वस्तू झकास.

विकायचा नव्हता. किंमत किती येते एवढंच बघायचं होतं. (बायको म्हणते विकायचा होता. असो.)

ज्यानं गंडवलं तो गडी जुन्या खेळण्यांच्या संग्राहकांच्या ग्रुपवर भेटला. ‘पारखून ग्रेड देतो’ म्हणाला. भेट एसटी स्टँडजवळ. "दादा, पीस लई कडक हाय," म्हणाला आणि मग सुरूच झाला. हे साचे मुळात जपानच्या टाकारा कंपनीचे, डायाक्लोन नावानं निघत, १९८४ला हॅस्ब्रो कंपनीनं ट्रान्सफॉर्मर्स म्हणून अमेरिकेत आणले, सगळं तोंडपाठ. छातीचा भाग ओतीव धातूचा आहे हे त्यानं नखानं वाजवून दाखवलं. मला वाटलं, इतकं कळणारा माणूस चोर कसा असेल? अरे, इतकं कळल्याशिवाय चोरी तरी कशाची करणार!

तपासणी फी ४,५००. विमा १,८००. अ‍ॅक्रिलिकची सीलबंद पेटी ६,२००. तिन्ही वेळा मीच फोन काढला, मीच पिन टाकला. अशा पेट्यांत सील करून गुण देणारे लोक परदेशात खरोखर आहेत, त्यामुळं शंका यायचं कारण नव्हतं. तरी एक ऐका: वस्तू हातातून सोडायच्या आधी प्रत्येक खरचट्याचा फोटो काढा, आणि फोटोत त्या दिवसाचा पेपर ठेवा. मी काढला होता एक फोटो. समोरून. लांबून.

एकोणीस दिवसांनी दसरा चौकात एका चहाच्या गाड्यावर पेटी हातात आली. ग्रेड ‘८५’ असं लेबल. ‘सील तुटलं की ग्रेड रद्द, दादा.’

आणि इथंच. पेटी हातात घेतली आणि धुरांडी आखूड दिसली. ट्रकच्या केबिनच्या दोन्ही बाजूंना चकाकत्या उभ्या नळ्या असतात त्या. जुन्या मालात त्या लांब असतात. २००२ला अमेरिकेत हा पुन्हा निघाला तेव्हा मुलांच्या सुरक्षेसाठी त्या आखूड केल्या, हे मी स्वतः दहा जणांना सांगितलेलं आहे. दहा जणांना! तोंडातून शब्दही गेला, "आखूड वाटतायत रे." तो चहाचा घोट घेऊन म्हणाला, "पेटीत तिरका बसवलाय दादा, जाड अ‍ॅक्रिलिकमधनं तसंच दिसतंय." आणि मी म्हणालो, "हां, असेल."

हां, असेल!

पाऊस होता, संध्याकाळ होती, अ‍ॅक्रिलिकवर गाड्याची ट्यूबलाइट मारत होती. शिवाय रब साइन जागेवर दिसत होतं. ते काळं चौकोनी स्टिकर १९८५पासून आलं ते नकली मालाला आळा घालायलाच. बोटानं घासलं की उबेनं आतलं चिन्ह उमटतं. पण बंद पेटीत बोट घालणार कुठनं? ज्या पेटीनं खात्री पटायची, तीच पेटी हात लावू देत नव्हती. वर ‘पुण्याचं गिऱ्हाईक लागलंय, कमिशनचा ॲडव्हान्स’ म्हणून ५,००० आणखी घेतले ते वेगळेच. खरा दलाल आधी पैसे मागत नाही, विक्रीतून कापून घेतो.

गौरी-गणपतीला भाऊ आला. शोकेसपाशी उभा राहून म्हणाला, "माझे दात कुठायत?" मग सुरीनं पेटी फोडली. उचलला तर पिसासारखा हलका, छातीवर नख मारलं तर टकटक प्लॅस्टिक. रब साइन अंगठा लाल होईतोवर घासलं. काळं ते काळंच.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "खेळणं?" दुसरा, "पावती?" १९८६ची, दुबईची, आता वारलेल्या मामाची पावती मी कुठनं आणू? मग हद्दीचा घोळ. वस्तू दिली स्टँडजवळ, घेतली दसरा चौकात, पैसे पाठवले राजारामपुरीतल्या घरातनं. तिघांनी तीन ठिकाणी धाडलं. झिरो एफआयआर आहे ना, हद्द कुठलीही असो नोंदवायची, नवीन कायद्यात कलम १७३, असं म्हटलं तर, "तुम्ही वकील काय?" फसवणुकीचं कलम ४२०चं आता ३१८ झालं, खुर्ची तीच आणि जांभईही तीच. शेवटी साधा अर्ज घेतला, त्याची पोच मागितली तर उद्या या. उद्याला म्हणे साहेब बंदोबस्ताला. बँकेत गेलो तर, "पिन तुम्हीच टाकलाय ना सर?" हो बाबा, मीच टाकलाय, माझा गळा धरून कुणी टाकायला लावला असता तर बरं झालं असतं. पैसे गेल्याबरोबर १९३० या सायबर हेल्पलाइनच्या नंबरला फोन करायचा असतो. मी महिन्यानं केला, तोवर त्या खात्यात काय राहणार?

परवा एकानं स्क्रीनशॉट पाठवला. विक्रीला ऑप्टिमस, लांब धुरांडी, दोन्ही मुठी, ३८,०००. फोटो मोठा केला तर टायरवर दोन खुणा. धावत ठाण्यात गेलो.

"हे तुमचंच कशावरनं?"

"भावाचे दात आहेत साहेब."

"मग भावाला घेऊन या, जुळवून बघू."

भाऊ आता बेचाळीस वर्षांचा आहे. ते दात दुधाचे होते.