स्प्रॉकेटचे दात मोजून घ्या

कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर दुपारच्या उन्हात, बाइक मागचं चाक उचलून धरणाऱ्या पॅडॉक स्टँडवर चढवून, मी मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे, दात मोजत बसलो होतो. एका दातावर पांढऱ्या मार्करने खूण केली, चाक हाताने फिरवलं आणि मोजलं. पंचेचाळीस. पुन्हा मोजलं. मग मित्राला मोजायला लावलं. त्याचेही पंचेचाळीसच आले. स्प्रॉकेटवर मात्र ठसठशीत कोरलं होतं ‘४८’.

माझी बाइक केटीएमची आरसी ३९०. कंपनीतून पुढच्या स्प्रॉकेटला १५ आणि मागच्याला ४५ दात येतात, म्हणजे मागचे भागिले पुढचे हे गुणोत्तर बरोबर ३.००. कारी जेमतेम २.१ किलोमीटरचा, अंग आखडून बसलेला ट्रॅक. सहावा गिअर तिथे शोभेपुरता. वळणातून निघताना दुसऱ्यात इंजिन किंचाळतं आणि तिसऱ्यात टाकलं की मरगळतं. त्यावर उपाय म्हणजे गिअरिंग थोडं आखूड करायचं, म्हणजे हे गुणोत्तर वाढवायचं. पुढे १४ टाकलं तर ३.२१ होतं, मागे ४८ टाकलं तर ३.२०. फरक जवळपास तेवढाच, पण पुढचं काही शेकड्यांत येतं आणि मागच्यासाठी खिसा रिकामा करावा लागतो. पुढचं लहान झालं की चेनला जास्त घट्ट वळावं लागतं, म्हणून काही जण मागचंच वाढवतात. मला ते कुठूनतरी पाठ झालं होतं आणि दुकानदाराने ते बरोबर हेरलं.

पुण्यातलंच दुकान. भिंतीवर ट्रॉफ्या, बोलण्यात सारखं ‘सर’. “सर, इम्पोर्टेड सेट आहे. ७०७५ ॲल्युमिनियम, ४८ दात, सोबत नवी सोनेरी चेन. बिल नको ना? जीएसटी वाचेल तुमचा.” सोळा हजार पाचशे रुपये यूपीआयने आधीच घेतले. संध्याकाळी बाइक घ्यायला गेलो आणि जुना माल मागितला, तर म्हणे भंगारवाला आत्ताच घेऊन गेला. मी म्हटलं, जाऊ दे, जुन्याचं काय लोणचं घालायचंय!

आता लाज वाटणारा भाग. त्याने विचारलं, “पिकअप जाणवतोय ना सर?” मी सिंहगड रोडला एक चक्कर मारून आलो आणि छाती फुगवून म्हटलं, “खूप!” खरंच जाणवला होता. साडेसोळा हजार मोजले की सगळं जाणवतं.

दोन आठवड्यांनी बाइक टेम्पोत घालून कोइंबतूरला गेलो. मित्राचीही आरसीच, पुढे १४, मागे कंपनीचंच ४५. म्हणजे आमचं गिअरिंग जवळपास सारखं असायला हवं होतं. पण मी चौथ्यातच खेचत असायचो आणि तो शेजारी पाचवा टाकून मोकळा. वळणातून निघताना तर तो दरवेळी हातभर पुढे. आधी मी माझ्या वजनाला दोष दिला. मग दात मोजले.

त्यानंतर एकेक पापुद्रा निघत गेला. फोनच्या होल्डरमधलं लोहचुंबक स्प्रॉकेटला टेकवलं, तर चटकन चिकटलं. ॲल्युमिनियमला ते चिकटत नाही. हे साधं लोखंडी स्प्रॉकेट होतं, वर रंग आणि खोटा आकडा. चेनवर रॉकेलचा बोळा फिरवला, तर बोळा सोनेरी झाला आणि चेन काळी. मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढली, तर दातावरून चांगली उचलली गेली, म्हणजे ती झिजलेली होती. माझी दाट शंका आहे की ती माझीच जुनी चेन, धुऊन रंगवलेली. वर जोडाच्या कडीची क्लिप उलटी. क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं, माझ्या चेनचं उघडं टोक पुढे होतं. पैशांचा राग आला होताच, पण ही क्लिप पाहून पोटात गोळा आला. सरळ पट्ट्यावर चेन सुटून मागच्या चाकात अडकली असती तर हे लिहायला मी नसतो. आणि हे सगळं कुठे कळावं? ज्या कोइंबतूरमध्ये रोलॉन कंपनीच्या बाइकच्या चेन बनतात, तिथेच.

त्या दिवशी पुढे बाइक चालवली नाही.

हे सगळं दुकानातच पाच मिनिटांत कळलं असतं. चाकावर चढवण्याआधी दात मोजायचे, चुंबक लावायचं, जुना माल पिशवीत घालून घरी आणायचा. आणखी एक खूण मागच्या ॲक्सलची, म्हणजे चाकाच्या आसाची. तीच चेन ठेवून मागे तीन दात वाढवले, तर ॲक्सल साधारण १२ मिलिमीटर पुढे सरकवावा लागतो. चढवल्यानंतर शंका आली तर फोनच्या जीपीएसवर ताशी १००चा वेग धरून सहाव्या गिअरला आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे, बघा. मूळ गिअरिंगवर ते सहा हजाराच्या आसपास असतं, ४८ दातांवर साधारण चारशेने वाढायला हवं. वेगासाठी बाइकच्या मीटरवर विसंबू नका, काही बाइकमध्ये वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सकडे असतो आणि मग स्प्रॉकेट बदललं की मीटरच चुकतो.

दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, “सर, ट्रॅकवर घासून दात कमी झाले असतील.” शपथेवर सांगतो, हेच म्हणाला. दात झिजतात हो, पण तीन दात उडून बाकीचे सारख्या अंतरावर सरकून बसत नाहीत! बिल नसल्यामुळे पुढे काय करणार? बरीच कटकट केल्यावर सहा हजार परत आले.

मी पुढचं १४ दातांचं टाकलं आणि जोडाला क्लिपऐवजी रिव्हेट असलेली नवी चेन घेतली, बिलासकट. परवा त्याच दुकानाच्या जाहिरातीत एक सोनेरी स्प्रॉकेट टेबलावर आडवं ठेवलेलं दिसलं, वर ‘४८’. फोटो मोठा करून मी दात मोजले आणि आलेला आकडा खाली लिहिला. दहा मिनिटांत त्याने मला ब्लॉक केलं.